शिंगाच्या रंगाचं कुंकू

चित्राची किंमत कशी काढतात ते मी साठाव्या वर्षी शिकले. त्याआधी बत्तीस वर्षं जालन्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवली, म्हणजे मोर, सूर्यास्त आणि 'माझा आवडता सण' यांना दहापैकी गुण दिले. एखादं चित्र किती रुपयांचं, हा प्रश्न तेवढ्या वर्षांत एकदाच निघाला, तोही एका पालकाने रंगपेटीचे पैसे परत मागितले म्हणून.

आमच्या घरात मात्र एक खरं चित्र होतं. घनसावंगीच्या पुढे गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. मी नऊ-दहा वर्षांची असताना एक अमेरिकन जोडपं एका हिवाळ्यापुरतं गावात येऊन राहिलं. नवरा विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करायचा. दोरी सोडायचा, पाणी मोजायचा, वहीत लिहायचा. बायको चित्रं काढायची. आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. गावाने तिला मडम हे नाव देऊन टाकलं आणि तिनेही ते मुकाट घेतलं.

मडमने माझ्या आईचं, म्हणजे मायचं, चित्र काढलं. माय तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. सूप हातात घेऊन ज्वारी पाखडायची आणि तशीच थांबायची, अशा चार दुपारी गेल्या. माय म्हणायची, "नुसतं बसून राह्यचे पैसे मिळत असते, तर तुझा बाप कव्हाच श्रीमंत झाल्ता."

गाव सोडताना मडमने ते चित्र आम्हाला देऊन टाकलं. दोन सुपं शेजारी ठेवावीत एवढी फळी, तिच्यावर तैलरंग. मागची भिंत गेरूची, लुगडं हिरवं, आणि हात अगदी मायचे, नखांच्या कडांसकट. चेहरा म्हणजे गव्हाळ रंगाचा एक सपाट तुकडा. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. मडम सगळ्यांचे चेहरे तसेच काढायची, आणि त्याबद्दल आता जाडजूड पुस्तकांत लिहून आलं आहे. तेव्हा आम्हाला वाटलं, बिचारीला चेहरे जमत नसावेत.

चेहरा नसल्याचं कुणाला काही वाटलं नाही. कुंकू नसल्याचं वाटलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांनी चित्र हातात धरून एवढंच विचारलं, "मी जित्ता असून हिचं कपाळ पांढरं कामून?" मायने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मडम जाऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा तिला विचारायची सोय नव्हती. शेवटी अण्णांनी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेल्या तांबड्या ऑइल पेंटचा डबा काढला. वर साय धरली होती, ती काडीने बाजूला केली. माय मला म्हणाली, "तुझा हात बारीक हाय. तू लाव." मी आगकाडीचं टोक बुडवलं आणि त्या गव्हाळ तुकड्यावर, कपाळ असावं तिथे, टेकवलं. ठिपका जरा डावीकडे गेला. अण्णा म्हणाले, "चालतंय." मग चित्र माजघरात टांगलं आणि पुढची पन्नास वर्षं ते तिथेच राहिलं.

निवृत्त झाल्यावर हातात मोबाइल आणि रिकामा वेळ आला की माणूस जुनी नावं शोधतो. मी मडमचं शोधलं. फळीच्या मागे तिने पेन्सिलीने स्वतःचं नाव, साल आणि आमच्या गावाचं नाव लिहून ठेवलं होतं. कळलं ते असं की ती काही वर्षांपूर्वी वारली, आणि वारल्यानंतर मोठी झाली. एका संग्रहालयाने तिचं प्रदर्शन भरवलं, आणि तेव्हापासून तिची चित्रं लिलावात वर वर चालली होती. आयुष्यभर तिला कुणी विचारलं नव्हतं असं तिथेच लिहिलं होतं. मला तिच्यासाठी वाईट वाटलं आणि त्याच दमात मी पुढचा आकडा पाहिला. दोन्ही खरं आहे.

पहिल्या दिवशी मी गाढवपणा केला. तिच्या सगळ्यात महाग गेलेल्या चित्राची किंमत घेतली, त्याची लांबी-रुंदी घेतली, आमच्या फळीची लांबी-रुंदी घेतली आणि सरळ त्रैराशिक मांडलं. उत्तर एवढं आलं की गावाचं अर्धं शिवार विकत घेता आलं असतं. रात्रभर मी मनातल्या मनात विहिरी खणल्या. सकाळी नीट वाचत बसले तेव्हा कळलं की चित्रं चौरस इंचावर विकत नाहीत. मडमची नावाजलेली चित्रं म्हणजे म्हातारपणी काढलेले मोठाले कॅनव्हास. फळीवरचं काम त्यापेक्षा स्वस्त, कागदावरचं आणखी स्वस्त. भारतातल्या त्या हिवाळ्यातली चित्रं मोजकीच, पण कमी आहेत म्हणून ती महाग, की कुणाला माहीत नाहीत म्हणून स्वस्त, याबद्दल लिलाववाल्यांचंच एकमत नव्हतं. शिवाय जी चित्रं विकली जात नाहीत ती यादीतून गुपचूप नाहीशी होतात. आपल्याला फक्त विकलेली दिसतात आणि आपण हुरळतो. हे समजायला मला महिना लागला.

गावची शेती सांभाळणारा माझा धाकटा भाऊ हे सगळं पाच मिनिटांत समजला. तो कापूस आणि मोसंबी घेऊन जालन्याच्या मोंढ्यात पंचवीस वर्षं येतोय, लिलाव त्याला नवा नाही. मी फोनवर सांगितलं की बोली थांबते ती किंमत वेगळी, घेणाऱ्याला त्यावर कंपनीचं कमिशन द्यावं लागतं, आणि विकणाऱ्याकडूनही ते कापतात.

"म्हंजे अडत दोन्ही अंगानं घेत्यात?"

"हो."

"अन् लोक काही बोलत न्हाईत?"

"नाहीत. सूट घालून बसतात."

"मंग आपल्या मोंढ्यातले बरेच म्हणायचे," तो म्हणाला.

त्याला घाई होती आणि तिचं कारण साधं होतं. आमच्या बांधाला लागून दोन एकर आहे, पाटाच्या पाण्यावरचं. आमची पाइपलाइन त्यातूनच येते आणि त्या पाइपलाइनवरून दोन पिढ्या कुरबुर चालली आहे. आता त्या घरची मुलं पुण्याला गेली आणि जमीन विकायला निघाली. पाडव्यापर्यंत थांबतो, असं मालकाने भावाला सांगितलं होतं. बांधालगतची जमीन दुसऱ्याने घेतली तर ती पुन्हा आपल्या आयुष्यात निघत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यामुळे आमच्या घरात डॉलरचं भाषांतर थेट एकरात व्हायचं, रुपये मध्ये आलेच नाहीत. मी म्हणायचे, काल एक फळी एवढ्या डॉलरला गेली. तो म्हणायचा, म्हंजे दीड एकर.

चित्र मायचं होतं, म्हणून मायला विचारायला मी गावी गेले. माय ऐंशीच्या पुढे आहे. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, जीभ तर विचारूच नका. माझी अपेक्षा होती की ती नको म्हणेल, आणि खोटं कशाला बोलू, तिने नको म्हणावं असं थोडं वाटतही होतं. माय म्हणाली, "विका की. माझं तोंड तर तेच्यात न्हाईच."

मी फोटो काढून अमेरिकेतल्या एका लिलाव कंपनीला पाठवले. समोरून, मागून, आणि आडव्या उजेडात, म्हणजे रंगाचे उंचवटे दिसतात. आठवड्याने तिथल्या तज्ज्ञ बाईंचं उत्तर आलं. चित्र मडमचंच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मागचा पेन्सिलीचा मजकूर फार मोलाचा, तो पुसू नका, असंही लिहिलं होतं. एकच प्रश्न होता: कपाळावरचा तांबडा ठिपका कुणाचा? मडमच्या दुसऱ्या कुठल्याच चेहऱ्यावर अशी खूण नाही. तो तिनेच लावला असेल आणि तसा काही पुरावा असेल, तर या चित्राला वेगळंच महत्त्व येईल.

मी तेव्हाच उत्तर लिहिलं. ठिपका मी लावला, वयाच्या दहाव्या वर्षी, आगकाडीने, बैलाच्या शिंगांच्या रंगाने, आईवडिलांच्या सांगण्यावरून. पाठवून झाल्यावर भावाला सांगितलं.

"तुला कोणी इचारलं होतं का एवढं?"

"विचारलं होतं म्हणूनच सांगितलं."

"मडमनं लावला म्हणली असतीस तर तिथं कोण बघायला आल्तं?"

शाळेत बत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आले होते की दुसऱ्याच्या चित्रावर हात फिरवायचा नाही आणि फिरवला तर कबूल करायचं. भावाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता, म्हणून नाही सांगितलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग त्या बाईंनी किमतीचे दोन अंदाज पाठवले. एक, चित्र आहे तसं. दुसरा, ठिपका काढल्यास. त्यांचं म्हणणं असं की तो रंग वरवरचा आहे, मूळ रंगात मिसळलेला नाही. मुंबईत चित्रं दुरुस्त करणारे जाणकार आहेत, ते एका दिवसात काढतील, खाली डागही राहणार नाही. जबरदस्ती नाही, तुम्ही ठरवा. पत्र अतिशय सभ्य होतं. ठिपका काढला तर बांधालगतची दोन्ही एकरं आली असती. ठेवला तर सव्वा. एका आगकाडीच्या टोकाने मी पाऊण एकर घालवलं होतं.

भावाने मुंबईचा खर्च कशाला म्हणून स्वतःच तोड काढली. पुढच्या रविवारी मी गावी गेले तर त्याने चित्र उतरवून ओसरीत बाजेला टेकवून ठेवलेलं. शेजारी वाटीत रॉकेल आणि घरच्याच कापसाचा बोळा. मी म्हटलं, हात लावू नकोस, फळी खराब करशील. तो म्हणाला, "मी कशाला लावतो? तू ड्रॉइंगची मास्तरीण हाइस. तूच लावल्ता, तूच काढ." आणि बोळा माझ्या हातात दिला.

रॉकेलने नाही, मुंबईतच काढून घेऊ, असं मी म्हणणार होते. म्हणजे काढायला माझी ना नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर गावात आणि नातेवाइकांत वेगळीच गोष्ट पसरली, की मी पहिल्यापासून आईच्या कुंकवासाठी भांडले. मी भांडले नव्हते. मी तेव्हा ठिपक्याकडे पाहत होते आणि मनात त्याच्या कडा मोजत होते.

माय बाजेवर बसून तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "पुस. अशी बघत कामून उभी राह्यलीस? त्या दिशी बी तू अशीच उभी होतीस."

त्या दिवसाचं सांगायला हवं. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. दहाव्या दिवशी भावकीतल्या चार बायकांनी मायला नदीवर नेलं, तिच्या बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं. पुसायला ओला पदर घेतला होता. पन्नास वर्षांचं कुंकू, त्याखाली कातडीचा रंगच वेगळा पडलेला. तो गोल पुसला जाईना, म्हणून एकीने जोर लावला. मी चार हात लांब उभी होते. त्याच वर्षी शाळेत मी पोस्टर स्पर्धा घेतली होती, विषय होता विधवा प्रथा बंद करा. आठवीच्या एका मुलीने फार चांगलं पोस्टर केलं होतं, तिला मी पहिला नंबर दिला, चार शब्द बोलले, टाळ्या घेतल्या. नदीवर मला एक शब्द सुचला नाही. माझ्या मनात काय आलं तेही आठवतं: आता हे लवकर उरकू दे. मायने तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. मला अकरा वर्षं वाटत होतं की तिने पाहिलं नसेल.

घरी आल्यावर एका चुलतीने माजघरातल्या चित्राकडे बोट दाखवलं होतं, हे आता काढून ठेवा. माय म्हणाली, राहू द्या. तेवढंच. त्यानंतर त्या घरात मायचं कुंकू फक्त त्या फळीवर होतं, आणि रोज येता-जाता दिसत असूनही हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. चित्रकला शिकवणाऱ्या बाईला चित्र दिसत नव्हतं. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

मी बोळा वाटीत टाकला. भावाला म्हटलं, हे मी पुसणार नाही आणि मुंबईतही पुसू देणार नाही. आहे तसं विकायचं.

"अन् पाऊण एकर?"

"पाऊण एकर मी देते."

त्याला वाटलं रागात बोलतेय. मी आत जाऊन दोन्ही अंदाज कागदावर मांडले, एकातून एक वजा केला, कंपनीची अडत काढली आणि आकडा त्याच्यासमोर ठेवला. भविष्यनिर्वाह निधीचे माझे जे पैसे बँकेत पडून होते, त्यातला बराच भाग त्यात जाणार होता. जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर मी बारा वर्षांपूर्वीच सही केली होती, अण्णांच्या डोळ्यांदेखत, तेव्हा ही जमीन काही माझी होणार नव्हती. भाऊ कागदाकडे बघत राहिला. तो लोभी नाही. मायचं सगळं तोच करतो, गुडघे चोळण्यापासून. तो म्हणाला, "अक्का, एवढं कशाला? मी सव्वाच घेतो." पण सव्वा एकर विकायला मालक तयार नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. विकीन तर दोन्ही, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटी भावाने पैसे घेतले. मायला सांगायचं नाही, एवढं ठरलं.

चित्र मुंबईमार्गे गेलं. यादी छापून आली तेव्हा त्यात चित्राच्या वर्णनाखाली लिहिलं होतं की कपाळावरचा ठिपका चित्रकाराचा नसून नंतरचा, चित्रातल्या स्त्रीच्या मुलीने घरच्यांच्या इच्छेवरून लावलेला, रंग बैलांच्या शिंगांचा. कुठल्याही कला-यादीत माझा उल्लेख आला तो एवढाच. बत्तीस वर्षांत मी काढलेली माझी स्वतःची चित्रं पलंगाखाली आहेत.

लिलाव त्यांच्या सकाळी होता, आमच्याकडे दिवेलागण झाली होती. ओसरीत मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून आम्ही तिघं बसलो. आमच्या आधीची चित्रं भराभर गेली. आमचं आलं तेव्हा मायने पुढे वाकून पाहिलं आणि विचारलं, "हेच का? लई बारकं दिसतंय." दोन जण बोली लावत होते, त्यातला एक लवकर थांबला. 'आहे तसं' या अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षा थोडं वर जाऊन बोली थांबली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. मोंढ्यात मोसंबीच्या ढिगाला याहून जास्त वेळ लागतो.

"किती झालं?" मायने विचारलं.

"सव्वा एकर," भाऊ म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो घाईने म्हणाला, "म्हंजे दोन. दोन्ही आले."

भाऊ जमिनीच्या मालकाला फोन लावायला अंगणात गेला. मायने तांब्या घेतला, पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला.

"घेणारा पुसंल का गं ते?"

"पुसू शकतो, माय. त्याचं आहे आता."

"पुसंना का. आपण न्हाई पुसलं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू किती भरलेस?"

मी म्हटलं, कशाचे. ती नुसती बघत राहिली. नदीवर पाहिलं होतं तसंच पाहत होती आणि या वेळी मला नजर फिरवता आली नाही. मी खरा आकडा सांगितला.

माय म्हणाली, "लई दिलेस. ठिपका तर वाकडाच होता."